दुसरी लावणी

तमिळ आडी महिना जुलैच्या मध्यावर लागतो; तो लागून चार दिवस झाले तरी कालव्याला पाणी नव्हतं. लोकांनी त्याच्या तळातूनच सायकलींची वाट पाडली होती, आणि पापनाशमहून येणारा टपालवाला आता पुलाला वळसा न घालता सरळ कालव्यात उतरून चंद्रमतीच्या परसात निघत असे. तिला याचा राग यायचा. पाणी नसणं एक वेळ समजतं. पण त्याच्या जागेवरून लोकांनी इतक्या लवकर जा-ये सुरू करावी, हे तिला बरं वाटत नव्हतं.

दोन हजार दोन साल होतं. जूनमध्ये धरण उघडेल या आशेवर तिनं बोअरच्या पाण्यावर वाफाभर भाताच्या रोपांचा तरवा टाकून ठेवला होता. पंचविसाव्या दिवशी उपटून लावायची ती रोपं, त्यांना आता चाळीस दिवस होत आले. गुडघ्याएवढी उंच, शेंड्यांना पिवळी. बोअर वाफ्यापुरता चालायचा, चार एकरांना पुरणारा नव्हता.

टपालवाल्यानं अखिलाचं पत्र दिलं. अखिला म्हणजे तिची एकुलती एक लेक, वय सव्वीस, कोल्लिमलैच्या डोंगरात एका संस्थेत नोकरीला. डोंगरातला पाऊस सरकला होता, कमी झाला होता, अवेळी पडत होता. तीन जिल्ह्यांतल्या डोंगरगावांनी या बदलत्या हवेशी कसं जुळवून घ्यावं याची योजना तिची संस्था लिहीत होती, आणि त्यातलं भाताचं प्रकरण अखिलाकडे होतं.

पत्र तमिळमध्ये होतं; घर मराठी, पण पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखातलं. अखिला मराठी बोलायची ती घरात, लिहायला तिला कोणी शिकवली नव्हती. चंद्रमतीनं ते नवऱ्याला वाचून दाखवलं. गुरुमूर्ती ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि अजूनही रोज दहा वाजता शर्ट घालून ओट्यावर बसत.

पत्रात असं होतं: इथल्या पायऱ्यांच्या शेतांवरही तरवा उभाच आहे, पाऊस नाही. आमचे साहेब योजनेत लिहिणार आहेत की वय उलटून जून झालेलं रोप टाकून द्यावं आणि कमी दिवसांचं बियाणं दुकानातून आणावं. एकदा टाकलं की या लोकांचं घरचं बी संपलंच. मी बैठकीत सांगितलं की आमच्याकडे रोप दोनदा लावत, आधी दाट चुडांनी, म्हणजे झुबक्यांनी, ओल्या कोपऱ्यात, मग पाणी आलं की फोडून शेतात. माझ्या आईला ठाऊक आहे, असंही मी म्हणाले. साहेब म्हणाले, दाखवा. म्हणून डोंगरातल्या चार बायका घेऊन मी मंगळवारी येते. त्यांची रोपंही आणते. तुझ्या वाफ्यात जगली तर वरची जगतील, नाहीतर त्या वरचं सगळं गुरांना घालणार आहेत.

"तुज ठाऊक आहे?" गुरुमूर्तींनी विचारलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते की. सासूबाईंच्या काळीं दर दोन-चार वर्षांनी करावं लागायचं."

"पाहिलेंस ते मीही पाहिलेंय."

"तुम्ही ओट्यावरून पाहिलेंत," चंद्रमती म्हणाली. "मी बांधावरून."

मंगळवारी दुपारी बस थांबली तेव्हा अखिलाच्या मागून चार बायका उतरल्या. त्यांतली थोरली वेळ्ळैयम्मा, साठीची, काटक, कानांच्या पाळ्या लोंबलेल्या. तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं रोपांचं गाठोडं तान्ह्या मुलासारखं दोन हातांवर घेतलं होतं. चारी दिशांना नजर फिरवून ती म्हणाली, "अगं बाई, सगळं सपाटच. इथे डोळा टेकवायचा कुठे?"

"नारळाला टेकवा," गुरुमूर्ती म्हणाले. "आम्ही तेच करतो."

जेवायला चंद्रमतीनं रसवांगी केली होती. बायका संकोचानं जेवल्या, पण रोपांचं गाठोडं त्यांनी आधी बोअरच्या टाकीत उभं करून ठेवलं होतं आणि जेवताना एकजण मधूनच उठून ते बघून येत होती. अखिला आईच्या कानाशी म्हणाली, "अम्मा, डोंगरातलं अस्कं गाव, एकूण एक घर, आशेवर बसलेंय. आठ दिवस दिलेंत साहेबांनी."

"आठ दिवस पुष्कळ झाले," चंद्रमती म्हणाली.

बुधवारी सकाळी ती वाफ्याशेजारच्या चिखलात उतरली. पन्नाशी उलटलेली, आणि या शेताची मालकीण होऊन तीस वर्षं झालेली; पण चिखल नडगीच्या वर कधी गेला नव्हता. तो पायाच्या बोटांमधून थंडगार वर आला तेव्हा तिला थोडी गंमत वाटली, थोडी लाज. लुगड्याचा सोगा खोचून तिनं रोपं उपटली, मूठभर झाली की पाय उचलून टाचेवर मूठ झाडली. चिखल टपाटप गळला, मुळं पांढरी स्वच्छ झाली. लावणीच्या बायका असंच करत, हा आवाज तिच्या कानात तीस वर्षांचा होता. मग पंधरा-पंधरा रोपांचा चूड करून तिनं तो चिखलात रोवला, नीट, खोल, हलू नये म्हणून मनगट बुडेपर्यंत.

चौघी बायका तिच्यामागोमाग तसंच करत गेल्या. त्यांचे हात तिच्यापेक्षा भरभर चालत होते. वेळ्ळैयम्मा एकदा थांबली, हातातल्या पांढऱ्या मुळांकडे पाहत राहिली, काहीतरी बोलणार होती. पण पाहुणी होती, म्हणून बोलली नाही. आपल्या गाठोड्यातली अर्धीच रोपं मात्र तिनं लावायला दिली. "उरलेली राहू द्यात टाकीत," एवढंच म्हणाली.

अखिला बांधावर उभी राहून वहीत लिहीत होती. चुडात किती रोपं, दोन चुडांत अंतर किती. आई विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर देत होती.

गुरुवारी रोपं माना टाकून होती. हे होणारच, पहिल्या दिवशी सगळी रोपं रुसतात, असं चंद्रमती म्हणाली आणि ते खरंही होतं. शुक्रवारी तिनं बोअर तासभर जास्त चालवला. शनिवारी ती उन्हं यायच्या आधी एकटीच बघून आली आणि सरळ चुलीशी जाऊन बसली. डोंगरातल्या बायका रिकाम्या बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी तोवर परसातला सगळा झाडोरा काढला, खराटे वळले, आणि गुरुमूर्तींना खुर्चीसकट दोनदा इकडून तिकडे हलवलं.

रविवारी सकाळी वेळ्ळैयम्मा वाफ्यात उतरली. एका चुडातली मधली, न उलगडलेल्या पानाची सुरळी तिनं दोन बोटांत धरून अलगद ओढली. सुरळी हातात आली, बुडाशी कुजून तपकिरी झालेली. तिनं दुसऱ्या चुडाची ओढली, तीही आली. तिसऱ्याची ओढली नाही.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही स्वतः किती वेळा केलंय?"

बांधावर अखिला होती, बाकीच्या तिघी होत्या, आणि का कोण जाणे त्या दिवशी गुरुमूर्तीही ओट्यावरून उठून आले होते. चंद्रमतीनं हातातला चिखल पदराला पुसला. हे ती कधी करत नसे.

"एकदाही नाही," ती म्हणाली. "मी बांधावर उभी असायचे. छत्री घेऊन."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अखिलानं वही मिटली.

"मी अस्क्यांसमोर सांगितलें, अम्मा. माझ्या आईला येतें म्हणाले."

"तू लिहिलेंस, आईला ठाऊक आहे. मज वाटलें, येतें." चंद्रमती म्हणाली. "बांधावरून पाठी दिसतात, अखिला. हात पाण्याखाली असतात."

"मग ज्यांचे हात होते त्या कुठे आहेत?" वेळ्ळैयम्मानं विचारलं.

याचं उत्तर सगळ्या घराला ठाऊक होतं.

राजम कालव्यापलीकडच्या गल्लीत राहायची, हाकेच्या अंतरावर. लावणीच्या अठरा बायकांच्या टोळीची ती पुढारी. चंद्रमती लग्न होऊन या घरात आली त्याच वर्षी राजमही लग्न होऊन त्या गल्लीत आली होती, आणि तेव्हापासून या चार एकरांतली प्रत्येक लावणी, प्रत्येक कापणी तिच्या टोळीची. कापणीला धान्याचा वाटा मिळायचा, त्यावर अठरा घरांची पावसाळ्यापर्यंतची चूल चालायची. पण गेल्या तै महिन्यात, जानेवारीच्या कापणीला, गुरुमूर्तींनी बाहेरगावाहून कापणीचं यंत्र आणलं. सगळेच आणत होते. राजमची टोळी सकाळी विळे घेऊन आली तेव्हा यंत्र शेतात उतरलेलं होतं. अठरा जणी बांधावर उभ्या राहिल्या. दुपार व्हायच्या आत शेत मोकळं झालं, आणि मग त्या खाली उतरून सरवा वेचून गेल्या. राजमनं मात्र वेचला नाही. त्यानंतर ती या अंगाला फिरकली नव्हती. पाणीच आलं नाही म्हणून लावणीचा प्रश्न आला नाही, आणि भांडण न भांडता तसंच राहिलं.

चंद्रमती पाय धुऊन निघाली. पुलावरून जायला हवं होतं. तो रीतसर रस्ता. ती कालव्यात उतरली आणि सायकलींच्या वाटेनं पलीकडे चढली.

तीस वर्षांत ती या गल्लीत आत आली नव्हती. तोंडाशी उभं राहून हाक मारली की काम व्हायचं. आज कोणाला हाक मारावी असं वाटेना. राजमचं घर तिनं इकडे तिकडे बघत शोधलं; दाराशी शेळी बांधलेली होती. राजम दारात बसून चिंचा फोडत होती. उठली नाही.

"या अम्मा," ती म्हणाली. "वाट चुकलात?"

"नाही. तुझ्याकडेच आले."

"पाणी सुटलं नाही अजून. लावणीला वेळ आहे. आणि आता लावणीचंही यंत्र निघालंय म्हणतात."

चंद्रमती उभीच होती. राजमच्या सुनेनं आतून स्टीलच्या पेल्यात पाणी आणून उंबऱ्यावर ठेवलं, हातात दिलं नाही. आजवर दिलं नव्हतं, घेतलंही नव्हतं. चंद्रमतीनं वाकून पेला उचलला आणि पाणी प्याली. राजम चिंचाच फोडत होती, पण एक चिंच तिनं दोनदा फोडली.

"राजम, मी रोपं मारली."

मग तिनं सगळं सांगितलं. डोंगर, गाठोडं, चार बायका, योजना. राजमनं मध्ये फक्त तीन प्रश्न विचारले.

"मुळं झाडली का?"

"झाडली. टाचेवर."

"खोल किती?"

चंद्रमतीनं मनगट दाखवलं. राजमनं डोळे मिटून घेतले, कोणाचं तरी दुखणं ऐकावं तसे.

"शेंडे छाटले?"

"शेंडे छाटायचे असतात?"

राजमनं सूप बाजूला ठेवलं. "तीस वर्षं छत्री धरून उभ्या होतात. मला वाटायचं, आमच्यावर लक्ष ठेवताय."

"ठेवतच होते. गप्पा मारता की काय म्हणून."

या उत्तरावर राजमला हसू आलं, आणि आलेलं तिला आवडलं नाही. ती गंभीर होऊन म्हणाली, "उद्या येते. डोंगरातल्या बायांसाठी येते, तुमच्यासाठी नाही. पण त्या शेतात पुन्हा यंत्र उतरायचं नाही. आम्ही लावलेलं आम्ही कापणार. आणि हे तुम्ही नका सांगू मला. तुमच्या अय्यांनी सांगायचं, बांधावर, सगळ्यांसमोर. यंत्र त्यांनी आणलं होतं."

"ते बोलत नाहीत फार."

"यंत्रवाल्याशी बोलले होते," राजम म्हणाली.

घरी आल्यावर चंद्रमतीनं नवऱ्याला निरोप सांगितला. गुरुमूर्तींनी शर्टाची वरची गुंडी लावली, काढली. "वेळ वाचतो म्हणून आणलें होतें," ते म्हणाले.

"वाचलेल्या वेळाचें काय केलेंत?"

दिवसभर ते ओट्यावर ओठ हलवत बसले होते, कचेरीत वरच्या साहेबापुढे जायच्या आधी बसत तसे.

सोमवारी राजम आली ती विळा घेऊन. बांधावर उभी राहिली, खाली उतरली नाही. डोंगरातल्या चौघी, अखिला, चंद्रमती, सगळ्या थांबल्या. गुरुमूर्ती पुढे झाले. त्यांनी घसा साफ केला, राजमकडे न बघता वाफ्याकडे बघत म्हणाले, "या शेतात यंत्र येणार नाही. कापणी तुमची." मग, कोणी न मागता, त्यांनी जोडलं, "गेल्या खेपेला मी आधी सांगायला हवं होतं."

"सांगायला नाही, विचारायला," राजम म्हणाली. पण म्हणताना ती चिखलात उतरत होती.

सगळ्यात आधी तिनं मेलेले चूड उपटून काढायला लावले. मग चंद्रमतीच्या तरव्यातली मूठभर रोपं मुळांखाली हात घालून, चिखलासकट, उचलली. "जून रोप म्हाताऱ्या माणसासारखं. त्याला घरातून काढायचं तर अंथरुणासकट काढायचं. झाडायचं नाही." विळ्यानं तिनं शेंडे चार बोटं छाटले. मग अंगठा चिखलात पहिल्या पेरापर्यंत बुडवून दाखवला. "एवढंच. चूड उभा राहत नाही असं वाटतं. वाटू दे."

वेळ्ळैयम्मानं तिचा हात धरून तो अंगठा पाण्याबाहेर काढला, चिखलाची रेघ कुठवर आली ती पाहिली, आणि स्वतःच्या अंगठ्यावर नखानं खूण केली. मग तिनं टाकीतून गाठोड्यातली उरलेली रोपं आणली. पाच दिवसांपूर्वी अर्धी का राखली, हे कोणी विचारलं नाही.

"तुम्ही कुठे निघालात अम्मा?" राजमनं विचारलं. चंद्रमती बांधाकडे वळली होती. "इथे या. माझ्या आणि या अक्काच्या मध्ये. शिकायचं तर ओळीत."

चंद्रमती ओळीत उभी राहिली. वाकली. लावणी मागे मागे सरकत करायची असते, आपण लावलेलं आपल्या तोंडासमोर राहतं, हे तिला ठाऊक होतं. पण मागे सरकताना कंबर कुठे जाते हे ठाऊक नव्हतं. दहा चुडांत पाठ भरून आली. घाम नाकावरून पाण्यात पडत होता. तिचा चूड कलला की राजम आपली ओळ न सोडता डावा हात लांबवून तो उपटून परत तिच्या हातात देई. काही बोलत नसे. चौथ्या वेळी मात्र म्हणाली, "गप्पा मारल्यात तर जमेल. गप्प राहून पाठ जास्त दुखते. आम्ही काय उगाच बोलायचो?"

मग गप्पा झाल्या. राजमच्या नातवाचा कान फुटला होता. वेळ्ळैयम्माच्या गावात फणस यंदा लहान आले होते. दुपारपर्यंत वाफा हिरव्या ठिपक्यांनी भरला आणि चंद्रमतीला सरळ उभं राहता येईना. राजमनं तिला खांद्याला धरून बांधावर चढवलं.

अखिलानं साहेबांना टपालकचेरीजवळच्या बूथवरून फोन करून आणखी दिवस मागून घेतले. साहेबांनी कुरकुर केली. योजना त्यांना ऑगस्टमध्येच छापायची होती.

आडीच्या अठराव्या दिवशी नदीच्या पुराची पूजा असते. नदीत वाळू होती. गावच्या बायकांनी हळदीकुंकवाची ताटं घेऊन हातपंपाची पूजा केली. काहीजणी बोअरच्या पाइपाला फूल वाहून गेल्या. वेळ्ळैयम्मानं विचारलं, "ही नदी आमच्याकडून येते का?" गुरुमूर्तींनी सांगितलं, ती दुसऱ्या डोंगरातून येते, पार पश्चिमेकडच्या. "कुठल्या का असेना, डोंगरातूनच ना," ती म्हणाली, आणि तिनंही पंपाला कुंकू लावलं.

त्यानंतर दोन दिवसांनी ती वाफ्यात उतरली. एका चुडाची मधली सुरळी दोन बोटांत धरून ओढली. सुटली नाही. जरा जोरानं ओढली. चूड हलला, पण सुरळी तिथेच. पोटातून नवं पान पोपटी निघालं होतं. तिनं बाकीच्या तिघींनाही आळीपाळीनं ओढून बघू दिलं. शेवटी राजम म्हणाली, "बास करा, ओढून ओढूनच माराल."

अखिलानं त्याच दुपारी ओट्यावर बसून लिहिलं: जून रोप टाकू नये. आणि खाली रीत. मग विचारलं, "राजमअक्का, हे कोणी शिकवलं म्हणून तुमचं नाव घालते."

"एकटीचं नको. टोळीची अठरा नावं घाल."

"योजनेच्या कागदात एवढी जागा नसते, अक्का."

"मग बारीक अक्षरांत घाल."

अखिलानं अठरा नावं घातली. गुरुमूर्तींनी प्रत्येक नाव वडिलांच्या आद्याक्षरासह तपासून दिलं. हे काम त्यांना येत होतं.

निघायच्या सकाळी वेळ्ळैयम्मा राजमसमोर उभी राहिली. "आमच्या झऱ्याकाठी असाच वाफा करायचाय. पाऊस आला की फोडून लावायचं. ते कोण दाखवणार?"

"मी डोंगर पाहिलेला नाही," राजम म्हणाली.

"आम्ही तरी सपाट कुठे पाहिलं होतं?"

राजमनं थोडा विचार केला. शेतात काम नव्हतंच. ती घरी जाऊन एक पिशवी घेऊन आली, बरोबर शेळीही आणली आणि दोरी चंद्रमतीच्या हातात दिली. "सून माहेरी चाललीय. दोन वेळा पाणी, संध्याकाळी पाला. कडुलिंब खात नाही, नाटकं करते." मग तिनं कमरेचा विळा काढला, चंद्रमतीच्या घराच्या वळचणीत, कौलाखालच्या वाशात खोचला. "हा इथे राहू दे. तैच्या कापणीपर्यंत काढायचा नाही."

बसच्या खिडकीत ती ताठ बसली होती, आणि बस हलली तेव्हा तिनं समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

तीन आठवडे चंद्रमतीनं शेळी सांभाळली. तिच्या वाफ्यातले स्वतःचे चूड आता गड्डे झाले होते, फोडले तर एकाचे पाच होतील असे. कालवा कोरडाच होता. पाल्यासाठी ती रोज सायकलींच्या वाटेनं पलीकडे जायची, आणि गल्लीतल्या बायका तिला हाक मारून कुठलं झाड चांगलं ते सांगायच्या. शेळी तिचं ऐकत नसे. राजमचंही ऐकत नव्हती, असं त्यांनी तिच्या समाधानासाठी सांगितलं.

ऑगस्टच्या शेवटी बूथवाल्यानं सायकलवरून येऊन निरोप दिला. अखिलाचा फोन आला होता, त्यानं कागदावर लिहून घेतला होता. चंद्रमती परसात शेळीला धरून उभी होती, गुरुमूर्ती ओट्यावर. त्यानं वाचलं: "डोंगरात पाऊस झाला. अकरा पायऱ्या लावून झाल्या. राजमअक्का विचारते, शेळी खाते का. आणि विळ्याला गंज चढू देऊ नका, तेल लावा."

गुरुमूर्ती उठले. आतून खोबरेल तेलाची बाटली आणली, खुर्ची वळचणीखाली ओढली आणि तिच्यावर चढले.

"खाली काढू नका," चंद्रमती म्हणाली.

"नाही काढत," ते म्हणाले, आणि वाशात खोचलेल्या विळ्याला त्यांनी तिथल्या तिथेच बोटानं तेल लावलं.